जेवल्यावर एक

मी पत्र्याची डबी बोलतेय, बिनसाखरेच्या लिंबूगोळ्यांची. साखर नसूनही गोड, एवढीच माझी लायकी.

औषधांच्या दुकानात मी खोकल्याच्या बाटल्यांशेजारी बसून होते. तिथून काकूंनी मला उचललं. त्यांचे यजमान, म्हणजे शिंपीकाका, यांची रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टरांनी भात, पाव, बटाटे बंद केले. काकांनी सगळं मुकाट्याने सोडलं, पण गोडाचं नाव निघालं की तोंड एवढंसं व्हायचं.

"जेवल्यावर एक," काकूंनी बजावलं.

त्यातच मुलीचं लग्न ठरलं. काकांनी स्वतःसाठी कोट शिवायला घेतला, पण माप घेतलं ते आपल्या लग्नातल्या जुन्या कोटाचं.

"गिऱ्हाइकाचा असा शिवाल?" काकूंनी विचारलं.

"गिऱ्हाईक पथ्य पाळत नाही. मी पाळतोय."

पाळलं, पण आपल्या सोयीने. साखरच नाही तर मोजायचं कशाला, म्हणत एका दुपारी त्यांनी मला निम्मी रिकामी केली. साखरेऐवजी माझ्यात जे गोड घालतात, ते जास्त झालं की पोट सुटतं. संध्याकाळी पोटाने हिसका दाखवला. टाचण्या लावलेला अर्धवट सूट घालून एक बँक मॅनेजर दुकानात उभे, आणि काका संडासात. मॅनेजरसाहेब तिष्ठत राहिले. बसले असते तर टोचलं असतं. दोष माझा नव्हता, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून एकच गोळी. काका ती चावायचे नाहीत, गालात धरून अख्खी बाही शिवून होईपर्यंत पुरवायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

लग्नाच्या सकाळी कोट अंगावर चढला. बटणही लागलं. काकांनी सवयीने आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि थांबले. शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते कुणीतरी उसवून कंबर बोटभर सैल केली होती. टाके काकूंचे होते, जरा तिरके. काकू आरशासमोर विंचरलेलेच केस पुन्हा विंचरत होत्या.

"बसला ना?"

"अगदी मापात," काका म्हणाले. मग मला उघडून त्यांनी आतली शेवटची गोळी काकूंच्या हातावर ठेवली.

"आणि तुम्हाला?"

"माझी झाली खाऊन."

साफ खोटं.  तरी मला त्या दोघांकडे बघून फार बरं वाटलं.

आता माझ्यात टाचण्या असतात. वरचं लिंबाचं चित्र अजून शाबूत आहे, तेव्हा जपून उघडा. गोळी समजून हात घातलातच, तर एकच पुरे होते.