खारवलेला दोर

ड्रमकडचं टोक

चांदणीची अट एकच होती. विंचवर तार राहणार असेल, तर जीपवर विंच राहणार नाही.

भूपेशला बायकोशी वाद घालायला जागाच नव्हती. जीपच्या बंपरवर बसवलेल्या त्या विंचवर, रुतलेल्या गाड्या ओढून काढायच्या यंत्रावर, घर चालत होतं. घोडबंदर रोडला टेम्पो रस्त्याखाली उतरला, पुलाजवळ गाडी चिखलात रुतली, की काशीमीऱ्याचे हॉटेलवाले त्यालाच फोन लावायचे. पण याच विंचची लोखंडी तार एका पावसाळ्यात ताणाखाली तुटली आणि चाबकासारखी उलटून त्याच्या बापाच्या, काळूरामच्या, गुडघ्यावर बसली. तेव्हापासून तो पाय वाकत नाही. काळूराम ओटीवर पाय लांब करून बसतो आणि घरातला जो तो त्या पायाला वळसा घालून जातो. चांदणीला दिवसातून कितीतरी वेळा तो वळसा पडतो. ती बोलते ते उगाच नाही.

मधला भाग, जिथे पीळ पडला

तारेच्या जागी घालायला दोर दिला यतीनने. हा मीरा रोडचा, नोकरी बँकेत, आणि रविवारी मुद्दाम चिखलात जीप घालून ती परत काढायची हा शौक. दोर निळा होता, वेणीसारखा विणलेला. अख्खी गुंडाळी भूपेशने एका हाताने उचलली.

"ह्या राखीनं गाड्या ओढनार?" बादली उपडी घालून बसलेला काळूराम म्हणाला.

"काका, तारेएवढाच ओढतो. आणि तुटलाच तर बहुतेक जागच्या जागी पडतो, तारेसारखा अंगावर येत नाही."

काळूरामने आपल्या ताठ पायावरून हात फिरवला. यतीन मात्र बोलत राहिला. जुने रोलर काढ, तारेने त्यांना चरे पाडलेत, बोट फिरवून बघ. तिथे दोर बाहेर यायला हे अ‍ॅल्युमिनियमचं गुळगुळीत तोंड बसव. दोर गुंडाळतो त्या ड्रमवर कुठे धार लागत असेल तर कानस मार, मग बारीक पॉलिश पेपर.

"ग्रीस?" काळूरामने विचारलं.

"नाही काका. ग्रीसला माती चिकटते."

"गाठ?"

"गाठ तर नाहीच. गाठ मारली की अर्धी ताकद गेली. टोक दोराच्या पोटात ओवायचं."

"ग्रीस न्हाय, गाठ न्हाय. मंग याला हलद लावाची का?"

यतीन हसला. "उन्हात टाकू नका, एवढंच. आणि साध्या पाण्याने धुवायचा."

साध्या पाण्याने. पीळ पडला तो इथे.

मागे, बरंच मागे

काळूरामच्या लहानपणी घरात दोन पाणी होती. गोडं पाणी विहिरीचं. ते प्यायला, भाताला, पाहुण्याला. साधं पाणी खाडीचं. त्यात पाय धुवायचे, जाळी धुवायची, मिठागरात मीठ ओढायची फळी धुवायची. आणि काथ्याचा नवा दोर आणला की तो आधी खाडीत बुडवून ठेवायचा. खारवला की चिवट होतो. खारवल्याशिवाय तो दोर नव्हेच, नुसता काथ्या.

पुन्हा तिथेच

भूपेश अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडाचे बोल्ट आणायला ठाण्याला गेला. दुकान बंद मिळालं, रात्र तिथेच काढली, आणि त्याला यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. परतला तर वरसाव्यातल्या आपल्या घरामागे, कुंपणावर, भर उन्हात दोर पसरलेला. निळ्याचा पांढुरका झालेला. हात लावला तर वाळलेल्या बोंबलासारखा ताठ.

"बग, कसा कडक झाला," काळूराम म्हणाला. लंगडत, रिक्षा करून, तो गुंडाळी खाडीवर घेऊन गेला होता. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी परत आणली होती. "आता दोर वाटतो."

भूपेशने कोपऱ्यात जाऊन यतीनला फोन लावला.

"मीठ? आत शिरलं असेल तर काचेसारखं कापतं रे. धागा धाग्यावर घासतो तेव्हा आतून. बाहेरून काहीच दिसत नाही. मस्त दिसतो, आणि एक दिवस जातो."

"मग टाकून देऊ?"

"एका रात्रीत काही गेला नसेल. ताण द्यायच्या आत धू. भरपूर गोडं पाणी. मीठ पूर्ण निघेपर्यंत."

हा शब्द काल वापरला असतास तर, भूपेशच्या ओठावर आलं होतं.

गोडं पाणी

नळाला पाणी दिवसाआड. मोरीतल्या पिंपांवर राज्य चांदणीचं.

"दोन पिंपं? कशाला?"

"दोर धुवायला."

"नवा आहे ना? की वापरून पण झाला?"

भूपेश काहीतरी बनवून सांगणार होता. धूळ बसली, ऑईल सांडलं. कारण खरं सांगितलं तर ती म्हणणार, नवा दोरही बिघडलेलाच, काढा तो विंच. ओटीवरून आवाज आला.

"मी खारवला. त्यो बोलला साधं पानी."

"बाबा, साधं पाणी म्हणजे नळाचं!" भूपेश म्हणाला.

"नलाचं पानी कवापासून साधं झालं? एक दिस येतं, एक दिस न्हाय."

चांदणीला हसू आलं, पण तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही. पहिलं पिंप तिने स्वतःच टबात ओतलं.

फक्त बोलणं, कारण हात टबात होते

"दाबा, पिळू नका. पीळ पडेल."

"तू कधीपासून शिकलीस?"

"स्वेटर धुते मी."

"बाबा, चाखा ना. मीठ आहे का, आम्हाला कळत नाही."

"हाय अजून. खच्चून हाय."

"ओता दुसरं."

"अगो चांदणे, उद्या आंगोल कशानं करू?" ही आतून जिजाबाई, भूपेशची आई.

"बाबांना विचारा, त्यांना साधं पाणी चालतं!"

"बाबा, आता?"

"हाय. थोडा."

"आता?"

"न्हाय."

ड्रमवरच राहणारे वेढे

दोर कितीही सोडला तरी शेवटचे आठ-दहा वेढे ड्रमवर ठेवायचे असतात. खरा ताण तेच धरतात. या घरातही एक गोष्ट कोणी उलगडत नाही. तार तुटली तेव्हा विंचचं बटण भूपेशच्या हातात होतं.

न्हाय म्हणजे

चांदणी सासऱ्यासमोर उकिडवी बसली. मिठागरात याच जिभेने त्याने पाण्याची वेळ ओळखली होती. मीठ कधी धरणार, ते नुसतं बोट चाखून सांगायचा. तो चुकणार नव्हता. खोटं मात्र बोलू शकत होता.

"खरंच न्हाय, की पिंप संपलं म्हणून न्हाय?"

भूपेशला वाटलं, आता बाबा चिडणार, काठी आपटणार.

"तुजा प्यायचा हंडा आन," काळूराम म्हणाला.

चांदणी उठली. माठाशेजारचा भरलेला हंडा तिने टबात रिकामा केला. दोर पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. काळूरामने टोकाचा थेंब जिभेवर घेतला, बराच वेळ घोळवला, बाजूला थुंकला.

"आता न्हाय."

तिने पुन्हा विचारलं नाही.

हुककडचं टोक

दोर पडवीत सावलीला वाळला, तोवर भूपेशने अ‍ॅल्युमिनियमचं तोंड बसवलं. मग सैल वेढे एकमेकांत रुतू नयेत म्हणून तो ताणूनच गुंडाळायचा होता. हुक चिंचेच्या बुंध्याला पट्ट्याने अडकवला, चांदणी जीपमध्ये ब्रेकवर हलका पाय देऊन बसली आणि भूपेशने बटण दाबलं. जीप इंच इंच चिंचेकडे सरकली, वेढ्याशेजारी वेढा बसला.

तिसऱ्या दिवशी पुलाअलीकडे विटांचा टेम्पो रुतला. चांदणी सोबत गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दोर तुटलाच तर उडू नये म्हणून तिने ओली गोधडी त्याच्या मधोमध टाकली आणि बघ्यांना हिंदीत दरडावून लांब केलं. दोर ताणला, बारीक झाला, गोधडी थरथरली. टेम्पोची चाकं फसकन सुटली. ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागला.

चांदणीने दोर हातात धरून हुकपासून ड्रमपर्यंत सरकवत नेला. कुठे तंतू उठलाय का, कुठे चपटा झालाय का. तळहात चिखलाने भरला. तो तिने भूपेशच्या शर्टाला पुसला.

"पुढच्या वेळेपासून ह्याचं पाणी तुम्ही आणायचं," ती म्हणाली. "बोअरवरून. माझ्या पिंपाला हात लावायचा नाही."

"पुढच्या वेळेपासून?"

"हां मग." ती जीपमध्ये चढून बसली. "आणि आणलं की आधी बाबांना चाखायला द्यायचं."