मधली जागा

चैत्रातल्या सकाळी आमच्या चर्चच्या पूर्वेकडील खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत येते, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर उतरते आणि माझ्या व माझ्या मुलाच्या मध्ये स्थिर होते. तेथे एका माणसाची जागा मोकळी असते. शमुवेल ती सोडूनच बसतो. ते जुने लाकूड सर्वांखाली करकरते. त्याच्याखाली मात्र मौन पाळते. त्याचे हात मांडीवर, तळवे आकाशाकडे, आणि बोटांच्या पेरांवर सुताची पांढरी भुकटी, जी कोणत्याही साबणाने जात नाही.

चादरींच्या कारखान्यात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे एकेक करून फणीच्या घरांतून ओवून घेणे हे त्याचे काम. भोवती मागांचा अखंड खडखडाट आणि मध्ये हा एकटा, ध्यानस्थ. धागे हजारोंनी असतात. त्यांतला एकही गाळायचा नसतो. तुटलेल्या धाग्याचे टोक तो शोधून काढतो, गाठ मारतो आणि पुढे जातो. मास्तरचा मुलगा असून त्याच्या हाती लेखणी आली नाही, याची मला बरीच वर्षे खंत होती. त्याच्या संथपणाला मी मंदपणा समजलो. ती स्मरणशक्ती होती.

मोकळी जागा चार वर्षांपूर्वी सुरू झाली, त्याच्या आईला, मार्थाला, माती दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी. प्रथम मला तो शोक वाटला, नंतर उद्धटपणा. एका रविवारी मी सरकून तेथे बसलो. शमुवेल उठला आणि बाकाच्या कडेला उभा राहिला. गीते झाली, वाचन झाले, दीर्घ प्रवचन झाले, तो उभाच. वर्गात मी असंख्य मुलांना शिक्षा म्हणून उभे केले आहे. स्वतः उभा राहून मला शिक्षा देणारा हा पहिलाच. पुढच्या रविवारी मी मुकाट्याने जुन्या जागी आलो. मागच्या बाकावरच्या सुलाबाई पुढे वाकून म्हणाल्या, "काय मास्तर, बापलेकाच्या मधी कोण बसतंय म्हणायचं?"

शमुवेलने मान वळवली नाही. "बहीण," तो म्हणाला.

सुलाबाईंना काही कळले नाही. मला कळले.

शमुवेल तीन वर्षांचा असताना मार्थाला पुन्हा दिवस गेले होते. माझी बदली व्हायची होती. आत्ता सोय नाही, असे मी म्हणालो, एवढेच. दवाखान्यातले काम अर्ध्या दुपारी उरकले. परतताना रिक्षात मार्थाने मिटलेली छत्री दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही आणि तिच्या मौनाला मी संमती मानले. ती मुलगीच होती, असे मार्था धरून चालली होती. तिला तिने नावही ठेवले होते. शेवटच्या आजारात ते नाव तिने मुलाला सांगितले. मला नाही. मुलानेही मला ते कधी सांगितले नाही.

यंदा माघात त्याची पत्नी रूथ पाचव्या महिन्यात होती. तपासणीत दिसले की बाळाचा डावा हात कोपराखाली नाही. कायद्याने मार्ग मोकळा आहे, निर्णय तुमचा, असे डॉक्टर म्हणाले. रात्री जेवताना मी म्हणालो, "विचार करा. अजून वेळ आहे."

शमुवेलने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "पप्पा, ह्ये तुमी एकदा बोललाय. आता पुन्यांदा नगं."

रूथ भाजी वाढत होती. तिचे डोळे ओले होते, तरी ती हसली. "लाथा लई मारतंय, पप्पा. पाय तर दोन्ही हायेत की!"

विषय तेथेच संपला. शमुवेलच्या विरोधाला घोषणा नाहीत, आवेश नाही. गर्भ म्हणजे पुढे केव्हातरी होणारे कोणी, असे तो मानत नाही. देवाने आधीच नावाने हाक मारलेले कोणी, ज्याच्यासाठी आपण सरकून जागा करायची, असे मानतो. क्षमेची वचने त्याला मुखोद्गत आहेत. ती तो सर्वांना लावतो. माझ्यापाशी आला की थांबतो. मला क्षमा केली तर बहीण दुसऱ्यांदा जाईल, असा त्याचा हिशेब असावा. त्याचा सूड त्याच्या कामासारखाच आहे, संथ, बिनचूक, आणि त्यात एकही रविवार गाळलेला नाही.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्याने आपल्या हातातली झावळी मधल्या जागेवर ठेवली आणि रिकाम्या हाताने गायला. उपासनेनंतर अंगणातल्या कडुनिंबाखाली मी त्याला थांबवले. फुलोरा खांद्यांवर गळत होता. विचारण्याची मला सवय नाही, तरी विचारले.

"बाळ झालं की मध्ये बसेल ना?"

"न्हाई. त्ये रूथच्या पलीकडं बसंल. मधली जागा भरलेली हाय."

"मग नाव तरी तिचं ठेव. बाप्तिस्म्याला पाळक मोठ्यानं म्हणतील. मला ऐकायला मिळेल."

त्याने माझ्याकडे पाहिले. डोळे मार्थाचे होते.

"त्ये नाव दिलेलं हाय, पप्पा."

मग त्याने मार्थाची जुनी छत्री उघडली, रूथच्या डोक्यावर धरली आणि दोघे उन्हातून फाटकाकडे गेले.

आता मी घंटेच्या आधीच बाकावर जाऊन बसतो. या वयात काळ पुढून येत नाही. तो दर रविवारी शेजारी येऊन बसतो, एका माणसाएवढा, बिननावाचा, आणि ऊन त्याच्यावर पडण्यापूर्वी मी त्याच्यासाठी थोडा सरकतो.