अकरा डॉलरची काळजी

'दुर्दैवाने' हा लेलंड फ्रिचचा लाडका शब्द होता. काउंटीच्या घरमदत कार्यालयाचा तो सतरा वर्षे प्रमुख होता. या सतरा वर्षांत जे काही वाईट घडले ते दैवाने घडवले, कार्यालयाने नव्हे, अशी त्याची पक्की समजूत होती.

"दुर्दैवाने, मिसेस होल्कोम, हे घर नियमात बसत नाही," तो शुक्रवारी म्हणाला. "अकरा डॉलरनी जातंय."

व्हर्ना होल्कोमने टेबलावरचा कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि वरपासून वाचला. ती एकसष्ट वर्षांची होती. त्यातली सत्तावीस वर्षे तिने गावच्या प्लायवूड कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती, आणि कागद मधूनच वाचायची सवय तिला कधीच लागली नव्हती. कारखाना बंद झाला. भाड्याचे घर मालकाने विकले. नव्या मालकाला तिथे नदीवर होड्या हाकायला येणारे हौशी पाहुणे ठेवायचे होते, म्हणून तिला महिनाअखेर बाहेर पडायचे होते. हातात सरकारी व्हाउचर होते, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरणार होते. मात्र घर सरकारने ठरवलेल्या 'रास्त भाड्या'त शोधायचे, आणि तेही एकशेवीस दिवसांत. लार्कस्पर काउंटीत एका बेडरूमच्या घराचे रास्त भाडे आठशे ऐंशी डॉलर. हा आकडा ज्यांनी काढला त्यांनी लार्कस्पर काउंटी नकाशावर पाहिली असेल, तर तीही लांबूनच. त्या भावात गावात गाडी उभी करायला छप्पर मिळत होते, ते पाडायच्या बेतात असले तर.

एकशेवीस दिवस संपले, एकदा मुदतवाढ मिळाली, तीही येत्या गुरुवारी संपणार होती. एवढ्या काळात हाती लागलेले घर एकच. बंद पडलेल्या पशुखाद्याच्या दुकानावरचा मजला, बर्ट ऑसगुडच्या मालकीचा, साडेआठशेला.

"साडेआठशे आठशेऐंशीपेक्षा कमी आहेत," व्हर्ना म्हणाली.

"हो, पण भाड्यात वीज-पाणी, घर तापवण्याचा खर्च, सगळं धरावं लागतं. ते धरलं की तुमचा वाटा पाचशे सत्तेचाळीस होतो. तुमच्या मिळकतीचे चाळीस टक्के म्हणजे पाचशे छत्तीस. घर घेताना त्याच्यावर तुमच्या खिशातून जाता कामा नये. तो नियम तुमच्याच काळजीपोटी केलाय."

"अकरा डॉलर मी देते."

"तेच तर देता येत नाही."

"मग महिना संपला की मी गाडीत राहायचं."

"तसं आम्ही कधीच सुचवणार नाही, मिसेस होल्कोम."

"गाडीत मिळकतीचे किती टक्के जातात?"

फ्रिच हसला. कुणी विनोद केला असावा अशी शंका आली की तो सावधपणे हसत असे. मग त्याने तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. ती बशी नाही म्हणायच्या वेळीच पुढे येते, हे गावातल्या सगळ्या गरजूंना माहीत होते.

व्हर्नाने बिस्कीट घेतले नाही. खर्चाच्या तक्त्याची प्रत मात्र मागून घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली की असा तक्ता आजवर कुणी मागितला नव्हता. तिने तो तीनदा शोधला.

तक्ता पाच पानांचा होता. अ‍ॅरिझोनातल्या कुठल्याशा सल्लागार कंपनीने तयार केलेला. जिथे बर्फ फक्त पेल्यात पडतो, तिथल्या लोकांनी इथल्या हिवाळ्याचा खर्च काढला होता. शनिवारी सकाळी व्हर्ना पेन्सिल घेऊन बसली. तिच्या हिशेबात कार्यालयाने घर तापवण्यासाठी विजेचे एकशे एकतीस डॉलर धरले होते. ऑसगुडच्या त्या मजल्यावर विजेचा एकही हीटर नव्हता. भिंतीतले जुने हीटर त्याने कधीच काढून विकले होते आणि नवे बसवायचा खर्च वाचवला होता. तिथे होती एक लोखंडी चूल, धुराडे असलेली, लाकडाची. परवाच कार्यालयाचा तपासनीस येऊन ती पास करून गेला होता. काउंटीतली निम्मी घरे अशीच तापत. शरद लागला की लोक वनखात्याचा परवाना काढून जंगलात जात, वाळकी टॅमरॅकची झाडे पाडत, ट्रकमध्ये भरून आणत. इथे माणसाची पत त्याच्या सरपणाच्या रचलेल्या ढिगावरून ठरे, बँकेवरून नव्हे.

पान तीन, ओळ सात: इतर इंधन, लाकूड. अडतीस डॉलर.

तिने वजाबाकी केली, मग पुन्हा उलटी करून पाहिली. घर बसत होते, आणि चांगले ऐसपैस बसत होते.

कारखान्यात ती प्लायवूडचे तुकडे उकळायची, वाळवायची आणि यंत्रात ओढून फाडायची. चांगल्या सांध्यात लाकूड फाटते, डिंक सुटत नाही. डिंक सुटला तर तो माल परत. माणसांना ती हीच कसोटी लावायची, आणि गेल्या काही महिन्यांत तिने परत पाठवलेला माल बराच होता.

तिला लगेच फ्रिचकडे धाव घ्यावीशी वाटली नाही. कार्यालयाची एक रीत तिला ठाऊक होती. एखाद्या घराला परवानगी मिळायची असली की तिथली माणसे घरमालकाला आपणहून फोन करत आणि 'अमुक रकमेपर्यंत मंजूर होईल' असे सांगत. मालक तीच रक्कम मागत. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय. तेव्हा आधी ऑसगुडची सही, मग फ्रिच.

रविवारी चर्चनंतर कॉफीच्या वेळी बर्ट ऑसगुड भिंतीला टेकून उभा होता. शाळेत तो व्हर्नाच्या एक वर्ष मागे होता, आणि अजून मागेच आहे असे तिचे मत होते.

"काय गं, दिली का त्यांनी परवानगी?" त्याने विचारले.

"नाही. अकरा डॉलरनी गेलं."

"अरेरे," तो म्हणाला आणि त्याचे खांदे सैल झाले. एका तरुण जोडप्याने त्या मजल्याचे तेराशे देऊ केले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होते. 'काउंटीनेच नाही म्हटलं' याची तो वाट पाहत होता, म्हणजे तोंडाला काळे न लागता तेराशे घेता आले असते.

"सोमवारी पुन्हा अर्ज देणार आहे," व्हर्ना म्हणाली. "नवीन फॉर्म लागतो. भाडेकरारही जोडायचाय. तुझ्या सह्या हव्यात."

"अजून एकदा? ते काय करणारेत वेगळं?"

"काय माहीत. तुला नको असेल तर तसं सांग."

हे ती जरा मोठ्याने बोलली. पाद्रीबाई दोन पावलांवर केक कापत होत्या. त्यांनी मान वर केली.

ऑसगुडने आजूबाजूला पाहिले. देखल्या देवा दंडवत घालायची त्याची सवय जुनी होती. "नको कसं असेल? मी तर म्हणतो, व्हर्नासारख्या बाईला छप्पर देता येत नसेल तर आपण इथे रविवारी येतो कशाला? आण इकडे. साडेआठशे. एक पैसा जास्त नको मला."

"बर्ट, किती मोठं मन रे तुझं," पाद्रीबाई म्हणाल्या.

"छे हो," बर्ट म्हणाला आणि केकच्या टेबलावरच चार ठिकाणी सह्या केल्या. पाचवी तो विसरत होता, ती व्हर्नाने बोट ठेवून करून घेतली. शाई वाळेपर्यंत तिने कागद हातात धरून ठेवला.

सोमवारी फ्रिचने फॉर्म पाहिला आणि उसासा टाकला. "दुर्दैवाने, आकडे तेच आहेत."

"पान तीन, ओळ सात."

त्याने तक्ता उघडला आणि पुष्कळ वेळ वाचला. "ही ओळ आम्ही वापरत नाही."

"का?"

"संगणकात ती जागा आधीच भरलेली येते. वीज."

"त्या घरात विजेचा हीटर नाही. तपासनिसाने लिहिलंय. तुमच्याच फाइलमध्ये."

"पण लाकडाचं प्रमाण कसं ठरवणार? लाकूड म्हणजे... अनिश्चित."

"तक्त्यात ठरवलंय. अडतीस." व्हर्नाने खिडकीबाहेर पाहिले. "मिस्टर फ्रिच, तुमचं घर कशावर तापतं?"

फ्रिचच्या कोटाच्या बाहीला राळेचा डाग होता. खिडकीबाहेर त्याचा ट्रक उभा होता, मागे टॅमरॅकचे ओंडके वरपर्यंत भरलेले. काउंटरवरच्या मुलीने संगणकाच्या पडद्यात डोके खुपसले.

"लाकडावर," तो म्हणाला. "इथे सगळ्यांचंच."

"मग मला सांगा, इतक्या वर्षांत कुणाच्या अर्जात तुम्ही लाकूड लिहिलं?"

"आमची घरं वेगळी, मिसेस होल्कोम. हा कार्यक्रम वेगळा." तो हे मनापासून म्हणाला, आणि तेच व्हर्नाला सर्वात वाईट वाटले. त्याच्या मनात व्हाउचरवरची माणसे कुठल्याशा शहरातल्या इमारतीत राहत होती. ती त्याच्याच रस्त्यावर राहतात, त्याच्याच जंगलातून सरपण आणतात, हे त्याला सतरा वर्षांत सुचले नव्हते. डिंक सुटला होता. लाकडाला ओरखडासुद्धा नव्हता.

"आकडा बदला," ती म्हणाली. "मी बसते."

त्याने बदलला. त्याला सहा मिनिटे लागली. मग त्याची बोटे फोनकडे गेली. "मालकांना कळवतो, आता थोडं वाढवून मागायला वाव आहे, म्हणजे त्यांचंही..."

"मालकाने सही केलीय. साडेआठशे. करारावरही. काल, चर्चमध्ये."

फ्रिचने फोन खाली ठेवला. शिक्का मारला. बिस्किटांची बशी जागची हलली नाही.

"यापूर्वी कितीजण असे वीज धरल्यामुळे नाकारले गेले?" दारात थांबून तिने विचारले.

"जुन्या फाइली काढायची तशी पद्धत नाही."

ऑसगुडने बुधवारी किल्ली दिली. त्याचे तोंड कडू काढा प्यायल्यासारखे झाले होते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"की ते हो म्हणणार."

"चूल तुझी आहे, बर्ट. हीटर तू विकलेस. मी फक्त तेवढं लिहून दिलं."

"तेराशे येत होते गं मला."

"मग रविवारी सांगायचंस. पाद्रीबाईंनी केकचा मोठा तुकडा दिला नसता, एवढंच."

तो जिना उतरून गेला. खालच्या पायरीवर थांबून त्याने वरच्या खिडक्यांकडे पाहिले, मग गाडीत बसला. गावभर आपले मोठे मन सांगून झाल्यावर ते परत घ्यायची सोय नव्हती.

शुक्रवारी काउंटरवरची मुलगी दुकानात व्हर्नाला भेटली. दुधाच्या फ्रिजसमोर उभी राहून, दुधाकडेच पाहत ती म्हणाली, "एकोणीस. मी मोजले. जेवणाच्या सुट्टीत. त्यातले सात अजून गावात आहेत. दोघं गाडीत राहतात." नावे ती सांगू शकत नव्हती, आणि व्हर्नाने विचारलीही नाहीत.

त्याच दिवशी कार्यालयाचे पत्र आले. वार्षिक अहवालात 'यशोगाथा' म्हणून छापायला व्हर्नाचा फोटो हवा होता, शक्यतो चुलीजवळ, शक्यतो हसरा. तिने पत्र वरपासून खालपर्यंत वाचले आणि उलटे केले. मागची बाजू कोरी होती, कागद जाड आणि चांगला. तिने त्याचे चार सारखे तुकडे कापले. प्रत्येकावर स्वच्छ अक्षरांत लिहिले: घर लाकडावर तापत असेल तर व्हाउचर कार्यालयात खर्चाचा तक्ता मागा. पान तीन, ओळ सात. देत नाहीत तोवर उठू नका.

एक तिने कपडे धुण्याच्या दुकानात लावला, एक ग्रंथालयात, एक फुकट धान्य वाटतात तिथे. चौथा लावला वनखात्याच्या दारावर, सरपणाचा परवाना काढायची रांग लागते तिथे.

दहा दिवसांनी फ्रिचचा फोन आला. "मिसेस होल्कोम, दुर्दैवाने काही लोक इथे येऊन बसलेत. पाच आहेत. तुम्ही कुठे काही लावलंय का?"

"तुमच्याच तक्त्यातली ओळ आहे," व्हर्ना म्हणाली.

"पण ते उठत नाहीयेत."

"त्यांना बिस्किटं द्या," ती म्हणाली आणि चुलीत एक लाकूड सारायला गेली.