पुन्हा एकदा फुंका

आक्काला सख्खं भावंड एकही नव्हतं. आक्का हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. तीन खुर्च्यांच्या आपल्या दुकानात तिने तीस वर्षं बायकांचे केस कापले आणि कापता कापता कोणाची सोयरिक जुळवली, कोणाचं भांडण मिटवलं, कोणाला नोकरीचा पत्ता दिला. "हिच्या हातातली कात्री एकवेळ थांबेल, तोंडातली थांबायची नाही," असं तिची थोरली नणंद म्हणायची. आक्काचा नवरा गेल्यापासून या दोघी एकत्रच राहत होत्या. आक्का तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची. वन्संनी शाळेच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्ती घेतली होती, पण कारकुनी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीत आक्काची बोटं आधी पांढरी आणि मग निळी पडायला लागली. पुढे बोटांची कातडी इतकी ताठ आणि जाड झाली की एके दिवशी अंगठा कात्रीच्या कडीतच अडकून बसला. गिऱ्हाईक अर्ध्या केसांनी खुर्चीत आणि आक्का नळाखाली साबण लावून अंगठा सोडवतेय, असा प्रकार झाला. गिऱ्हाईक हसलं, आक्काही हसली, पण दुसऱ्या दिवशी वन्संनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं.

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. कातडी घट्ट होते, आणि काही जणांच्या फुप्फुसांनाही तसाच ताठरपणा येतो. आक्काच्या फुप्फुसांना थोडी सुरुवात झाली होती. गोळ्या चालू झाल्या. दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी तिला एका नव्या औषधाच्या अभ्यासात यायचं का, असं विचारलं. चालू गोळ्या सगळ्यांनाच मिळत राहणार होत्या. त्याशिवाय दर चार आठवड्यांनी सलाइनमधून निम्म्या लोकांना नवं औषध आणि निम्म्यांना नुसतं सलाइन.

"मला काय मिळतंय?" आक्काने विचारलं.

"ते तुम्हाला कळणार नाही, आणि मलाही नाही. अभ्यास संपल्यावरच उघड होईल."

"म्हणजे देणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही," वन्सं म्हणाल्या. "आमच्या कचेरीत असा कारभार केला असता, तर हेडमास्तरांनी मला घरी बसवलं असतं."

"ठाऊक असलं ना, की आपण सगळे मनासारखंच बघतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वन्संना ते पटलं, पण त्यांनी तसं कबूल केलं नाही.

आक्काने सही केली.

दर चार आठवड्यांनी दोघी बसने जायच्या. दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या होत्या. पहिलीत एक अबोल डॉक्टर होत्या. त्या कपाळापासून पावलांपर्यंत सतरा ठिकाणची कातडी चिमटीत धरून बघायच्या आणि जाडीप्रमाणे शून्य ते तीन गुण द्यायच्या. कसं वाटतंय हे त्यांनी विचारायचं नाही, असा नियमच होता. आक्का त्यांना चिमटेवाल्या म्हणायची. दुसऱ्या खोलीत फुंकमास्तर. हे नावही तिचंच. जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा माणूस श्वासाची चाचणी घ्यायचा. नाकाला चाप लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा बाहेर काढायचा. "फुंका, फुंका, फुंका, अजून आहे आत, लबाडी नको," असं तो ओरडायचा. तिसऱ्या खोलीत सलाइन. आणि चौथ्या खोलीत, सगळ्यात शेवटी, प्रश्नांचा कागद.

त्या कागदावर वीस प्रश्न होते. केस विंचरता येतात का, नळ बंद करता येतो का, दुधाचं नवं खोकं फोडता येतं का, नीट चावून खाता येतं का. उत्तरात सहज, थोडा त्रास, फार त्रास, येत नाही यांपैकी एकावर खूण करायची. कागद रोग्यानेच भरायचा असल्याने वन्संना त्या वेळी बाहेर बसावं लागायचं. आत आक्का वीसच्या वीस ठिकाणी 'सहज' वर खूण करून पाच मिनिटांत मोकळी व्हायची.

छत्तिसाव्या आठवड्यात फुंकमास्तर रजेवर होता. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी चाचणी घेतली, तीन वेळा फुंकून घेतलं आणि कागद पुढे पाठवला. तासाभराने डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी दार कधी लावलं नव्हतं.

"तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईच्या मानाने तुमचा श्वास एक्याऐंशी टक्के होता," त्या म्हणाल्या. "आज अडुसष्ट आलाय."

"एवढा कसा उतरला?" आक्काने विचारलं.

"तेच बघायचंय. दहा दिवसांनी पुन्हा चाचणी करू, छातीचं स्कॅनही करू. आकडा खरा निघाला तर अभ्यास थांबवून आपण जास्त जोरकस उपचार सुरू करू. पण आधी खात्री."

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीबाहेर बघत बसली. वन्संनी दोनदा तिच्याकडे बघितलं आणि मग त्याही खिडकीबाहेर बघत बसल्या.

ते दहा दिवस वाईट गेले. आक्का दुकानात जायची, पण गिऱ्हाइकांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. एका संध्याकाळी तिने दुकानाच्या किल्ल्या वन्संसमोर ठेवल्या आणि कुठली कुठल्या कुलपाची ते समजावून सांगायला लागली. वन्संनी किल्ल्या उचलून तिच्याच पर्समध्ये टाकल्या. "तुझं दुकान तू बघ. मला केस कापता येत नाहीत," असं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सहाव्या दिवशी आक्का एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे केस कापायला तिच्या घरी गेली. वन्सं पिशवी धरून सोबत होत्या. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. आक्का वर पोहोचली, दार वाजवलं आणि दार उघडायच्या आत तिने म्हातारीच्या सुनेची सगळी हकिकत वन्संना सांगून टाकली. मागून धापा टाकत आलेल्या वन्सं कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "हे जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"तीन जिने चढलीस. बोलत. मला दम लागला, तुला नाही. वर्गात नेहमी पहिल्या पाचांत येणारा मुलगा एकदम नापास झाला, तर आम्ही त्याच्या बापाला बोलवायच्या आधी पेपर पुन्हा तपासून घ्यायचो."

"वन्सं, मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन नाही बोलत. माणसं बोलतात." वन्सं तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "तू माझ्यासोबत जेवायला का बसत नाहीस हल्ली?"

आक्का ओटा पुसायला लागली. वन्संनी मग एकेक सांगायला सुरुवात केली. न्हाणीघरात लहान मुलांचा टूथब्रश आहे. घरात लहान मूल नाही. सफरचंदाच्या फोडी कागदासारख्या पातळ कापलेल्या असतात. जेवण ओट्याशी, उभ्याने, भिंतीकडे तोंड करून. आणि दुकानात हसताना तोंडावर हात.

"आ कर," वन्सं म्हणाल्या.

"काहीतरीच काय."

"आ कर, म्हणतेय ना."

आक्काने तोंड उघडलं. उभी धरलेली दोन बोटंसुद्धा जेमतेम आत जातील, एवढंच ते उघडलं. ओठांभोवतीची कातडी पिशवीची नाडी ओढावी तशी आवळली होती.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून." आक्का खाली बसली. "वन्सं, मला वाटलं, वाईट लिहिलं तर मला अभ्यासातून काढून टाकतील. बरी होण्याची एवढी संधी मिळालीय. म्हणून सगळीकडे सहज लिहिलं. आणि इतकी वर्षं गावभर बडबड केली, आता तोंडच उघडत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

एवढं बोलून तिला स्वतःच्याच वाक्याचं हसू आलं आणि मग रडू आलं. वन्संनी तिला रडू दिलं. मग बशीत मऊ भात घेतला, वर वरण घातलं आणि चहाचा चमचा तिच्या हातात दिला. "बस इथे. माझ्यासमोर जेव."

दहाव्या दिवशी फुंकमास्तर रजेवरून परत आला होता. आक्का खुर्चीत बसायच्या आधीच वन्सं म्हणाल्या, "साहेब, हिचं तोंड उघडत नाही. ही सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय."

त्याने चष्मा वर केला. खणातून छोटी पट्टी काढून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं. सव्वीस मिलिमीटर. मग त्याने पुठ्ठ्याच्या नळ्यांचा खोका उलटा करून त्यावरची चिठ्ठी वाचली. "या नळ्या नव्या पुरवठ्यातल्या आहेत. आधीच्यापेक्षा जाड," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी फाडली आणि आक्काच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याजवळ धरली.

"फुंका."

आक्काने फुंकलं. पट्टी फडफडली. उजव्या कोपऱ्याजवळ धरली, तिथेही फडफडली.

"तुमचा श्वास बाहेर येतोय, आक्का," तो म्हणाला, "पण सगळा मशीनमध्ये जात नाही. ओठ नळीभोवती मिटतच नाहीत. गळतोय."

त्याच्याकडे नळीऐवजी बसवायचं चपट्या, मऊ रबराचं एक तोंड होतं. त्याची कड ओठांच्या आत बसत असे. पण अभ्यास चालू असताना स्वतःच्या मनाने साधन बदलायची त्याला परवानगी नव्हती. त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी पट्टी फडफडताना बघितली आणि अभ्यासाच्या मुख्य कचेरीला फोन लावला. होकार यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आक्काचं स्कॅन झालं. वन्सं बाकावर बसून पर्सची चेन उघडत आणि लावत होत्या.

होकार आला. फुंकमास्तरने रबराचं तोंड बसवलं, कोपऱ्यांजवळ पुन्हा पट्टी धरली. ती हलली नाही.

"आता लबाडी नको. फुंका, फुंका, फुंका, अजून आहे आत."

एकोणऐंशी.

"पुन्हा एकदा फुंका."

ऐंशी. तिसऱ्या वेळी पुन्हा ऐंशी.

फुंकमास्तरने आकडा मोठ्याने वाचला. आक्काला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून तिने वन्संकडे बघितलं. वन्सं आकडे ऐकण्यात कधी चुकत नसत. त्यांनी नुसती मान हलवली, आणि आक्काचा जीव भांड्यात पडला. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघून सांगितलं, की फुप्फुसं गेल्या वर्षी होती तशीच आहेत, कणभरही वाढ नाही. आक्का खुर्चीच्या पाठीला टेकली. दहा दिवसांत ती कुठे टेकली नव्हती.

मग तिने आपण होऊन त्या कागदाचं सांगितलं. वीसच्या वीस 'सहज'. डॉक्टरीणबाई रागावतील, असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत.

"तुम्ही चांगलं लिहिलं म्हणून औषध चांगलं ठरत नाही, आक्का. फक्त आम्हाला काही कळत नाही. त्रास आहे म्हणून कोणी कोणाला काढत नाही. त्रासासाठीच तर हे सगळं मांडलंय." मग त्यांनी थोडा दोष स्वतःकडेही घेतला. "आम्हीही चेहऱ्याची कातडी चिमटीत धरून बघितली आणि तोंड किती उघडतं ते मोजलं नाही. ती चूक आमची."

आधीचे कागद तसेच राहणार होते. फक्त त्यांना एक टिपण जोडलं जाणार होतं. आजचा कागद आक्काने नव्याने भरला. तिला पंचवीस मिनिटं लागली. दुधाच्या खोक्यापाशी ती जरा थांबली आणि मग 'येत नाही' वर खूण केली. तोंडाचे व्यायाम शिकवायला एक बाई आल्या. गाल फुगवायचे, ओठ ताणायचे, लाकडी चपट्या काड्या दातांत धरून एकेक वाढवत जायचं. रोज दोनदा.

"मोठ्याने बोललं तर चालतं का?" आक्काने विचारलं.

"जितकं जास्त तितकं बरं," त्या म्हणाल्या.

"बाई, हे हिला सांगायला नको होतं," वन्सं म्हणाल्या.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आक्का दुकानातच होती. त्या जाड नळ्यांवर चाचणी झालेल्या आणखी सहा जणांना त्यांनी परत बोलावलं होतं. त्यातल्या चौघांचा आकडा रबराच्या तोंडाने वर आला. एकाचा होता तेवढाच राहिला, त्याला काही धोका नव्हता. आणि एकीचा खरोखरच उतरला होता.

"मग तिचं काय?" आक्काने विचारलं.

"कालच जोरकस उपचार सुरू केले. वेळेत सापडलं. एरवी पुढच्या महिन्यापर्यंत कळलं नसतं."

"कोण ती? मी भेटू शकते तिला?"

"नाव सांगता येणार नाही मला. पण तिची परवानगी असली तर तुमचा नंबर देईन."

"द्या," आक्का म्हणाली. "आणि सांगा, केव्हाही कर म्हणावं. मी बोलायला कायम मोकळी असते."

खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून तिच्याकडे बघत होतं. आक्काने फोन ठेवला, रुंद कड्यांची नवी कात्री उचलली आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागली.