आजीच्या मुंग्या

खणकन डब्याचं झाकण पडलं आणि दुपारची शांतता मोडली. शीतल धावली, तर गॅलरीच्या कोपऱ्यात तिची सृष्टी बाजरीचं पीठ घेऊन बसलेली.

“अगं, किती सांडलंस!”

“सांडलं नाही, घातलंय. मुंग्यांना, आजीसारखं.”

सृष्टीने आजीला पाहिलंच नव्हतं. निदान गोष्टींत तरी ती उरावी म्हणून शीतल रोज सांगायची: काष्टी गावच्या रानात पेरणीआधी आई मुंग्यांच्या बिळाशी मूठभर पीठ घालायची. “आदी त्यांचं, मंग आपलं,” म्हणायची. बाभळीवरचे डोंगळे, दाणे ओढणाऱ्या काळ्या मुंग्या, सगळ्यांशी तिची ओळख.

शीतल न रागावता लेकीशेजारी टेकली. पिठाला बारीक लाल मुंग्या लागल्या होत्या.

“ह्या नाहीत त्या,” सृष्टी हिरमुसली. “आई, आजीच्या काळ्या मुंग्या आपल्या नागापूरला का येत नाहीत?”