कोरड्या बोरची गंगा

माझा लेक महारुद्र कचेरीत बाबू आहे, पण कुण्या बुवाचे पाय दिसले की त्याची कंबर आपोआप वाकते. आधी पाया पडतो, मग विचारतो, हे कोण म्हणून. या खोडीची मला किळस येते. मी चौथी शिकले, तीही अर्धीच, पण मेथीची जुडी घेताना दोरा सोडून आत बघते. आणि हा पदवीधर घर घ्यायला निघाला, तर ना भिंत बघितली, ना मोरी. वसमत रोडच्या बाजूच्या जुन्या कॉलनीतलं दिनकररावांचं घर याला डोळे झाकून पसंत. का? तर म्हणे तिथल्या बोरला भर उन्हाळ्यात गंगा निघते.

या गंगेपायी माझी ताडकळसची जमीन जाणार होती. बापानं माझ्या नावावर केलेलं काळंभोर रान. ते गेलं की आमच्या मागं काही नाही. पण माझी सून शिवकन्या भाड्याच्या घरात जिन्यानं घागरी चढवून चढवून कंबरेतून गेली आहे. तिच्याकडं बघून मी म्हणाले होते, "घराला पाणी असंल तर विकते." आमच्या शहाण्यानं हे बोलणं जसंच्या तसं दिनकररावांच्या कानावर घातलं.

आम्ही तिघं घर बघायला गेलो, तर फाटकाबाहेर चपलांचा ढीग. आत अंगणभर माणसं. शिकलेलीच जास्त, इस्त्रीचे कपडे, हातात मोबाईल वर धरलेले. बोरच्या पाईपाला झेंडूचा हार, हळदीकुंकवाचा चिखल, आणि शेजारी पाताळनाथ महाराज. भगवी लुंगी, दोन्ही मनगटांना गंडे, गालात तंबाखूचा तोबरा. तळहातावर आडवा नारळ धरून ते अंगणात फिरत होते.

"पाताळात सात गंगा हायत!" महाराज ओरडले. "सहा कोपल्यात. सातवी माझी लेक हाय! बापानं हाक मारली की तिला यावंच लागतंय! पर शंकेखोरापुढं ती पदर सोडत न्हाई. कुणी शंकेखोर आसंल त्यानं भाईर व्हावं!"

मी तर नुकतीच आत आले होते. मी कशाला बाहेर जाते?

महाराज डोळे मिटून पावलं टाकत बोरपाशी आले आणि नारळ टुणकन उभा राहिला. बायांनी हात जोडले. दिनकररावांनी मोटारीचं बटण दाबलं. पाईप दोनदा खोकला आणि मनगटाएवढी धार पडली. काय तो जयजयकार! एका मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं मात्र सांगायलाही अंगावर काटा येतो. महाराजांनी धारेचा तांब्या भरला, तोंड लावलं, खळखळ चूळ भरली आणि ती तंबाखूची तपकिरी चूळ परत त्याच तांब्यात सोडली. "घ्या तीर्थ!" आणि लोकांनी घेतलं हो! ओंजळी पुढं केल्या, प्याले, उरलेलं डोक्याला चोळलं. माझा लेक सगळ्यात पुढं.

"बस!" महाराजांनी हात वर केला. "लेकीला दमवू नका." मोटार लगेच बंद.

"माय, बघितलंस?" महारुद्र ओल्या मिशीनं माझ्याकडं आला. "आता तरी हो म्हण."

"तोंड पूस आधी," मी म्हणाले. "मला घर बघू दे."

शिवकन्येला घेऊन मी आत गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवा रंग, पण बोटानं दाबलं तर गिलावा भुरूभुरू खाली. मागच्या खोलीत स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या. मोरीत पेलाभर पाणी ओतलं, तर ते बाहेर जायच्या ऐवजी फिरून चुलीकडं आलं.

"आत्याबाई, हे घर हाय का सोंग?" शिवकन्या तोंडाला पदर लावून हसली.

गच्चीवर चढून मी पाण्याच्या टाकीवर थाप मारली. ढम! रिकामी, कोरडी ठक्क. वरून सगळी गल्ली दिसत होती. दारादारात निळे ड्रम. ज्या गल्लीत बोरला गंगा येते, तिथं बायांना ड्रम कशाला लागतात?

खाली उतरून आम्ही शेजारच्या फाटकाशी गेलो. सुकेशनीबाई, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, ड्रमवर फडकं बांधत होत्या. मी विचारलं, "बाई, तुमच्या बोरला पाणी कसंय?"

"मावशी, होळी झाली की या गल्लीतले सगळेच बोर बसतात. टँकरवर दिवस काढायलोत आम्ही."

"दिनकररावांचा बी?"

"त्यांचा तर सगळ्यात आधी. आज पहाटेच टँकर आला त्यांच्याकडं. टाकी भरून घेतली म्हणाले."

मी आणि शिवकन्या एकमेकींकडं बघायला लागलो. टाकी तर ढम वाजत होती. मग टँकरभर पाणी गेलं कुठं?

"चला बाई," मी म्हणाले, "तुमचं काम हाय."

अंगणात महाराज खुर्चीवर बसून पाय चेपून घेत होते. पाय चेपणारा कोण, ते सांगायची मला लाज वाटते.

"दिनकरराव, मोटार लावा," मी म्हणाले.

"आजी, महाराजांची आज्ञा न्हाई."

"घर महाराज विकायलेत का तुमी?"

ते काही बोलायच्या आत शिवकन्येनं बटण दाबलं. धार पडली. सुकेशनीबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं. ब्लिचिंगचा वास! "बोरच्या पाण्याला हा वास नसतो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे पाणी टँकरचं आहे."

"शंकेखोर बाया!" महाराज कडाडले. "गंगा रुसंल! बंद करा!"

"रुसू द्या," शिवकन्या बटणापुढं उभी राहिली. "आमाला रोज इथं ऱ्हायाचंय. ती रोज रुसणार आसंल तर आजच कळू दे."

धार वाहत राहिली. मग बारीक झाली, करंगळीएवढी. मग नुसता गाळ, मग फुर्र फुर्र वारा.

"रुसली! गेली लेक माझी!"

"रुसली न्हाई, सपली," मी म्हणाले. "टँकरात होती तेवढी आली."

मग सुकेशनीबाईंनी सगळ्यांना समजावलं. बोर म्हणजे जमिनीत उभी पुरलेली लांब नळी. वरून पाणी ओतलं की खालचा खडक घट्ट असल्यानं ते नळीतच काही वेळ साठून राहतं. मोटार थोडी चालवून बंद केली तर गंगा, चालू ठेवली तर थोड्या वेळात खडखडाट. जिवंत झरा असता तर पाणी असं एकदम तुटलं नसतं. तेवढ्यात कुणीतरी घरामागून टँकरपासून बोरपर्यंत पुरेल असा ओला रबरी पाईप ओढत आणला. दिनकररावांची मान खाली गेली. "पाणी न्हाई म्हटलं की गिऱ्हाईक फाटकातूनच परततंय," ते पुटपुटले. "काय करावं माणसानं?"

"आन नारळ?" महारुद्र अजून लटकलेलाच. "नारळ तर उभा राहिला ना, माय? सगळ्यांनी बघितलं!"

मी महाराजांच्या हातातून नारळ ओढला आणि तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडं. सुकेशनीबाई कानाशी म्हणाल्या, "तळवा खोलगट करा आणि बोटं हळूच वर घ्या." मी डोळे मिटले, महाराजांसारखी मान डोलावली आणि चालत चालत घरामागं संडासाच्या टाकीच्या झाकणावर जाऊन उभी राहिले. नारळ टुणकन उभा!

"घ्या!" मी ओरडले. "इथं बी गंगा हाय! तांब्या आणा!"

अंगणात असा हशा फुटला की विचारू नका. काही जण मात्र हसत नव्हते, बाजूला जाऊन थुंकत होते. महाराज गर्दीतून फाटकाकडं सटकले, तर मघाच्या मास्तरनं त्यांची लुंगी धरली. त्यांचं काय करायचं ते कॉलनीनं करावं. मला माझ्या घरातल्याशी बोलायचं होतं.

महारुद्र जवळ येऊन कुजबुजला, "माय, घरी जाऊन बोल. लोक बघायलेत."

"बघू दे," मी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "महारुद्रा, माझ्या रानाचं एक ढेकूळ बी या घरापायी जाणार न्हाई. तुझी बायको पाणी वाहून मोडायली, तिला पाणी पाह्यजे. तुला चमत्कार पाह्यजे. आता घर शिवकन्या बघंल. मोटार लावून तासभर समोर बसंल, गल्लीतल्या बायांना इचारंल, भिंतीला हात लावंल. ती हो म्हणाली तरच मी रानाच्या कागदावर सही करते. आन तू लय शिकलास ना? मग कुणी बी काही सांगितलं, बाबा आसो का सायेब, तर 'दाखवा' म्हणायचं. तेवढं जमत नसंल तर उद्यापासून घर बघायला आमच्यासंगं येऊ नको."