त्रेचाळिसाव्यावरून चौथ्या क्रमांकावर

आजींच्या थोरल्या लेकानं अगदी ताळतंत्र सोडलं होतं. पन्नाशीचा बाप्या, लाँड्रीत इस्त्रीवाल्यांवर वाघासारख्या डरकाळ्या फोडणारा, आणि इथे व्यवस्थापन संस्थेच्या दारात पुरुषभर उंचीच्या चारच्या आकड्याला बिलगून फोटो काढून घेत होता. फोटो हलला म्हणून पुन्हा बिलगला. मागे तसल्याच खुळ्या आईबापांची रांग. लाँड्रीवाल्या आजींना वाटलं, ह्याला ओळखच दाखवू नये.

गेल्या वर्षी क्रमवारीत त्रेचाळिसावी असलेली संस्था यंदा एका उडीत चौथी आली होती. इमारत तीच, शिकवणारे तेच, लिफ्टही तेव्हासारखीच बंद. म्हणूनच तर चमत्कार, असं थोरला म्हणे.

नातीला दुसऱ्या एका संस्थेत जागा मिळाली होती. पहिल्या महिन्यापासून कारखान्यात उभं करून शिकवणारी ती संस्था तिला मनापासून आवडली होती. पण ती होती एकोणतिसावी, आणि संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवला नाही तर जागा जाणार होती. बाप ऐकेना, पोर बोलेना.

सभागृहात संचालक गोड हसत उभे राहिले. आम्ही क्रमांकाचा ध्यास घेतलाच नाही, आम्ही उत्कृष्टतेचा घेतला, क्रमांक आपल्या पायांनी चालत आला, असं म्हणाले. शंभरातले सत्त्याण्णव अर्ज आम्ही नाकारतो, हे ऐकून तर थोरल्याच्या अंगावर काटा आला.

आजी उठल्या. "त्या सत्त्याण्णवांत मी आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलंच. बाजारात संस्थेची माणसं फुकट पिशव्या वाटत होती. पिशवी हवी तर एक फॉर्म भरायचा. आजींनी शिक्षणापुढे 'दुसरी पास' असं खरं तेच लिहिलं. महिन्यानं पत्र आलं, तीव्र स्पर्धेमुळे आपली निवड होऊ शकली नाही. भाजीवालीलाही आलं. चावीवाला तर दोन पिशव्या घेऊन दोनदा नापसंत झाला. जितके जास्त नाकारले, तितकी संस्था थोर.

सभागृह खो-खो हसलं. संचालकही हसले, पण जरा वेळानं. नोकऱ्या बघा आजी, म्हणाले. निकालानंतर नव्वदाव्या दिवशी शंभरातले अठ्ठ्याण्णव कामाला लागलेले होते.

नव्वदावा दिवस म्हटल्यावर आजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे राखाडी कोट त्यांच्याच लाँड्रीत येत. दर खेपेला बावीस. त्याच सुमाराला मात्र एका खेपेला एकसष्ट आले, कोरे करकरीत, कोपरांवर घासल्याची खूण नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बावीस.

"ते एकोणचाळीस कोट कुणाच्या अंगावर होते?" आजींनी विचारलं.

संचालक पाण्याचा पेला शोधू लागले. धाकटीला दाखल करायला आलेली एक आई हळूच उभी राहिली. एक कोट तिच्या लेकाच्या अंगावर होता. शिकून बाहेर पडला, नोकरी मिळेना, तेव्हा संस्थेनंच ग्रंथालयात खुर्च्या सरळ करायला ठेवला. मोजणी झाली आणि दुसऱ्या दिवशी कोट काढून घेतला. ती माउली समजत होती, पोरानंच काहीतरी आगळीक केली असेल.

एव्हाना नातीनं मोबाइलवर क्रमवारीचे नियम उघडले होते. तिनं मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी कसलंही काम असलं तरी ती नोकरीच धरतात. आणि पगाराची सरासरी फक्त ज्यांनी पगार कळवला त्यांचीच.

"हे झकास आहे," आजी म्हणाल्या. "डाग राहिलेले कपडे मोजायचेच नाहीत असं ठरवलं, तर माझ्या लाँड्रीतून आजवर एकही डाग बाहेर गेलेला नाही."

आता हसण्याला धरबंध उरला नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसता हसता खुर्चीवरून घसरले. संचालकांनी चहापानाची घोषणा केली, ती कुणाला ऐकूच गेली नाही. घड्याळात साडेचार झाले होते. फक्त थोरला हसत नव्हता. पण आई, छापून आलंय ना, असं तो पुटपुटला.

आजी त्याच्याकडे वळल्या. "गिऱ्हाइकाचा सदरा घेताना तू खिसे उलटे करतोस, कॉलर उलटून बघतोस. पोटच्या पोरीची दोन वर्षं द्यायला निघालास, तेव्हा तो आकडा उलटून बघावासा वाटला नाही? कुणी मोजला, कधी मोजला, कुणाला वगळून मोजला, एवढंच विचारायचं होतं. त्याला शिक्षण लागत नाही, बाबा, जरा शंका लागते. पोरीला होकार कळवू दे. तू अडाणी नाहीस, नुसता भोळा आहेस. अडाणी मी आहे, म्हणून विचारते."